टॅबलेटवर कार्ड फोनपेक्षा अरुंद का होतं? रिस्पॉन्सिव्ह घटकांबद्दल सविस्तर उत्तर

घणसोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या अडत्यांसाठी एक डॅशबोर्ड बनवला आहे. डावीकडे मेनू, वर आवक आणि भाव दाखवणारी सारांश-कार्डं, खाली भावांचा तक्ता, आणि नवी नोंद करायला पॉपअपमधला फॉर्म. पाया बूटस्ट्रॅप या तयार मांडणी-संचाचा आहे. लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं. फोनवर पान आडवं सरकतं, टॅबलेटवर कार्डांतला मजकूर चेंगरतो, आणि फॉर्म भरताना कीबोर्ड ‘जतन करा’ बटणावर चढतो. प्रत्येक घटकाला चार-चार मीडिया क्वेरी, म्हणजे ठराविक अट (बहुधा पडद्याची रुंदी) जुळली तरच लागू होणारे मांडणीचे नियम, लावून झाल्या. आता कोणत्या फोन-टॅबलेटच्या कोणत्या मापांसाठी क्वेरी लिहायच्या, त्याची यादी हवी आहे.

यादी मी देणार नाही. तुमच्या टॅबलेटवरच्या अडचणीचं मूळच त्या यादीत आहे, आणि ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवता येतं.

तुमचा मेनू २४० पिक्सेलचा. मुख्य भागाला दोन्ही बाजूंनी २४ पिक्सेल पॅडिंग. दोन कार्डांमध्ये १६ पिक्सेल अंतर. बूटस्ट्रॅपचा मधला ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायची रुंदी, ७६८ ला लागतो आणि तिथून तुम्ही तीन कार्डं एका ओळीत मांडली आहेत. जुना आयपॅड उभा धरला की त्याची रुंदी बरोबर ७६८. त्यातून मेनू वजा केला की ५२८ उरतात, पॅडिंग वजा केलं की ४८०, मधली दोन अंतरं वजा केली की ४४८. भागिले तीन, म्हणजे एका कार्डाला साधारण १४९ पिक्सेल. आता ३६० पिक्सेल रुंदीचा साधा अँड्रॉइड फोन घ्या. तिथे मेनू मिटलेला, कडेला १६-१६ पिक्सेल, कार्ड एकाखाली एक. प्रत्येक कार्डाला ३२८. म्हणजे मोठ्या पडद्यावर कार्ड लहान पडद्यापेक्षा निम्म्याहून अरुंद झालं, आणि तुमची क्वेरी मात्र ‘पडदा मोठा आहे, ऐसपैस मांडा’ असं सांगत राहिली. तिने पडद्याची रुंदी विचारली. कार्डाला किती जागा उरली, हे तिला कुणी विचारायला लावलंच नाही.

यादी वाढवून हे सुटत नाही. एकट्या आयपॅडच्याच उभ्या रुंद्या ७४४, ७६८, ८१०, ८२०, ८३४, १०२४ अशा आहेत. अँड्रॉइड फोन ३६०, ३९३, ४१२ असे. त्यात कुणी टॅबलेटवर अर्ध्या पडद्यात तुमचा डॅशबोर्ड आणि अर्ध्यात व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, की मोठ्या टॅबलेटवरही तुमच्या पानाला निम्मीच रुंदी मिळते. उपकरण ओळखून वेगळं पान द्यावं, तर २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी सहसा स्वतःची ओळख मॅक म्हणून करून देते. तेव्हा यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची जी ओळख पाठवतो ती, वाचून निर्णय घेणारा कोड कुठे असेल तर तो आधी काढा.

वेब डिझायनर एथन मार्कॉटने २०१० च्या मे महिन्यात रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे मिळालेल्या जागेप्रमाणे बदलणाऱ्या, डिझाइनची मांडणी केली, तेव्हा लवचिक ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी अशी तीन अंगं सांगितली होती. आपल्याकडे बहुतेक टीम तिसऱ्यापासून सुरुवात करतात. पहिल्या अंगावर वेळ घातला तर तिसऱ्याची गरज पुष्कळ कमी होते, हे मी ऐरोली-महापे पट्ट्यातल्या अनेक प्रकल्पांत पाहिलं आहे.

कार्डांपासूनच सुरुवात करा. त्यांच्या पेटीला ग्रिड, म्हणजे सीएसएसची ओळी-स्तंभांची मांडणी, द्या. कॉलमच्या व्याख्येत रिपीट, त्यात ऑटो-फिट (मावतील तेवढे स्तंभ), आणि मिनमॅक्सची खालची हद्द २२० पिक्सेल, वरची १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा). खालची हद्द नुसती २२० लिहू नका. मिन फंक्शनमध्ये १०० टक्के आणि २२० पिक्सेल दोन्ही द्या, म्हणजे पेटी २२० पेक्षा अरुंद झाली तरी कार्ड बाहेर सांडणार नाही. आता हिशोब पाहा. उभ्या आयपॅडवरच्या ४८० मध्ये दोन कार्डं बसतात, कारण दोन कार्डं आणि एक अंतर मिळून ४५६. ३६० च्या फोनवर एक. १३६६ च्या लॅपटॉपवर मेनू आणि पॅडिंग वजा जाता १०७८ उरतात, त्यात चार. एकही मीडिया क्वेरी लिहिली नाही आणि उद्या मेनू मिटवायचं बटण दिलं तरी कार्डं आपोआप नव्या जागेत बसतील.

कार्डाच्या आतली मांडणीही बदलायची असेल, उदाहरणार्थ अरुंद जागेत भाव मालाच्या नावाखाली आणि रुंद जागेत शेजारी, तर तिथे कंटेनर क्वेरी वापरा; ती पडद्याऐवजी घटकाच्या पेटीची रुंदी विचारते. क्रोम आणि सफारीत ती २०२२ मध्ये आली आणि फायरफॉक्समध्ये २०२३ च्या फेब्रुवारीत, त्यामुळे आज ती बिनदिक्कत वापरता येते. पद्धत अशी की कार्डाच्या बाहेरच्या पेटीला कंटेनर-टाइप इनलाइन-साइज द्यायचा आणि आतल्या घटकांसाठी नियम लिहायचे. इथे दोन गोष्टींवर नवखे अडतात. घटक स्वतःलाच विचारू शकत नाही, म्हणून ज्याची शैली बदलायची त्याच्या बाहेर एक आवरण लागतंच. आणि इनलाइन-साइज दिलेल्या पेटीची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरत नाही. म्हणून मजकुराएवढंच रुंद होणाऱ्या घटकाला, जसं की बटण किंवा छोटा बिल्ला, तो लावला तर पेटी शून्य रुंदीची होते आणि कोड बरोबर असूनही पडद्यावर काही दिसत नाही. ग्रिडच्या किंवा ब्लॉकच्या पेटीला तो लावा, कारण तिला रुंदी बाहेरून मिळते.

मग मीडिया क्वेरी उरते कशासाठी? पानाच्या सांगाड्यासाठी: मेनू कायम उघडा, आयकॉनची पट्टी की मिटलेला. छपाईसाठी, कारण अडत्याला शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशोब) छापून द्यायची असते आणि त्या कागदावर मेनू नको असतो. आणि बोट आहे की माउस, हे विचारण्यासाठी. सांगाड्याचा ब्रेकपॉइंटही बूटस्ट्रॅपच्या तक्त्यातून उचलू नका. ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत न्या. तक्ता जिथे कुचंबायला लागतो, तो तुमचा आकडा. तुमच्या पानात तो ९०० च्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे, म्हणजे उभ्या टॅबलेटवर मेनू मिटलेलाच बरा.

आता पान आडवं सरकण्याबद्दल. आधी पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते ब्राउझरला सांगणारी ओळ, आहे ना ते पाहा. तो नसेल तर मोबाईल ब्राउझर पान ९८० पिक्सेलच्या आसपास रुंदीचं धरून मांडतो आणि मग लहान करून दाखवतो. टॅग असेल पण त्यात मॅक्सिमम-स्केल १ किंवा झूमबंदी लिहिली असेल, तर तेवढा भाग काढा. गाळ्यावर बसणारे बरेच व्यापारी चाळिशी ओलांडलेले असतात. त्यांना आकडा चिमटीने मोठा करून पाहता आलाच पाहिजे.

त्यानंतर गुन्हेगार शोधा. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड चालवून पाहायच्या खिडकीत) पानावरच्या प्रत्येक घटकाची उजवी कड मोजा आणि जी पानाच्या रुंदीपलीकडे जाते ती छापा. दोन ओळींचं काम आहे आणि अंदाजाने सीएसएस बदलत बसण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. शंभर व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, दिलेला घटक हा नेहमीचा संशयित, कारण विंडोजवर त्या रुंदीत उभ्या स्क्रोलबारची जागाही धरली जाते. पण तुमच्या पानात मला दाट संशय फ्लेक्सबॉक्स या शेजारी-शेजारी मांडणीवर आहे. फ्लेक्समधल्या घटकाची मिन-विड्थ मुळात ऑटो असते. म्हणजे आतला सगळ्यात लांब न तुटणारा शब्द किंवा तक्ता जेवढा रुंद, त्याहून तो घटक आक्रसत नाही. तुमचा मुख्य भाग मेनूच्या शेजारी फ्लेक्समध्ये आहे, त्यात भावांचा तक्ता आहे, तक्ता आक्रसत नाही म्हणून मुख्य भाग आक्रसत नाही, आणि म्हणून सगळं पान रुंद होतं. मुख्य भागाला मिन-विड्थ शून्य द्या. ग्रिडमध्ये हाच आजार १ एफआर लिहिलं की होतो, तिथे मिनमॅक्स शून्य ते १ एफआर लिहायचं. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, लांब ईमेल अशा मजकुराला ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर द्या, म्हणजे तो कुठेही तुटू शकतो.

एक उपाय मात्र करू नका: पानाच्या आवरणाला आडवा ओव्हरफ्लो हिडन लावणं. सरकणं थांबतं, पण बाहेर गेलेला भाव किंवा बटण कापलं जातं आणि वापरणाऱ्याला ते आहे हेही कळत नाही. शिवाय आतल्या स्टिकी (सरकवताना कडेला चिकटून राहणाऱ्या) घटकांचं चिकटणंही बिघडतं, कारण ते आता पानाऐवजी त्या आवरणाला धरून चालतात.

भावांच्या तक्त्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमच्या डॅशबोर्डचा जीव तिथे आहे. माल, प्रत, एकक, आवक, किमान भाव, कमाल भाव, सरासरी, कालच्यापेक्षा फरक, असे आठ स्तंभ. इंटरनेटवर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे फोनवर प्रत्येक ओळीचं कार्ड करा. इथे तो चुकीचा ठरेल. अडत्या भाव वाचतो ते वरून खाली: या प्रतीला काय, खालच्या प्रतीला काय, काल काय होता. कार्डं केली की एक भाव आणि दुसरा भाव यांच्यात बोटभर सरकवावं लागतं आणि तुलना मोडते. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची यादी असती, जिथे प्रत्येक ओळ एकेकटी वाचायची असते, तर मी कार्डंच सांगितली असती, आणि तीही तक्त्याला ब्लॉक करून नव्हे, सरळ यादी म्हणून मार्कअप (एचटीएमएल) लिहून.

भावांसाठी तक्ता तक्ताच ठेवा आणि आडवं सरकणं पानाकडून काढून त्याच्या आवरणाकडे द्या. आवरणाला आडवा ओव्हरफ्लो ऑटो (मावेना तर आतच सरकू देणं), पहिला स्तंभ डावीकडे स्टिकी. स्टिकी पेशींना अपारदर्शक पार्श्वभूमी द्या, नाहीतर खालून सरकणारे आकडे मालाच्या नावावर उमटतात. बॉर्डर-कोलॅप्स (शेजारच्या पेशींची एकच सामाईक रेघ) असेल तर चिकटलेल्या पेशीच्या रेघा मागे राहून जातात. म्हणून सेपरेट ठेवा आणि अंतर शून्य करा. पहिला स्तंभ पडद्याच्या चाळीस टक्क्यांपेक्षा रुंद होऊ देऊ नका. आकडे उजवीकडे टेकलेले आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर टॅब्युलर-नम्स (सगळे अंक सारख्या रुंदीचे), म्हणजे शेकड्याखाली शेकडा येतो.

स्तंभांचा क्रमही बदला. लॅपटॉपसाठी एकक आणि आवक आधी असतील, पण फोनवर न सरकवता दिसणाऱ्या जागेत माल, सरासरी आणि फरक यायला हवेत. हा क्रम सगळ्याच पडद्यांवर तोच ठेवा. दिसणारा क्रम एक आणि मार्कअपमधला दुसरा असा घोळ नको. फोनवर काही स्तंभ लपवण्याचा मोह होईल. किमान-कमाल भाव लपवलात तर माणूस तुमचं पान सोडून फोन लावून भाव विचारेल. लपवायचाच तर एकक लपवा आणि ते मालाच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहा.

शीर्षकाच्या ओळीचं एक कोडं इथे येतं. आवरणाला आडवा ओव्हरफ्लो ऑटो दिला की उभ्या दिशेचाही आपोआप ऑटो होतो, आणि स्टिकी शीर्षक पानाऐवजी आवरणाला चिकटतं. आवरण तर तक्त्याएवढंच उंच, त्यामुळे शीर्षक वर निघून जातं. उपाय म्हणजे आवरणाची कमाल उंची बांधून दोन्ही दिशांनी सरकणं आतच ठेवणं. मी ती पडद्याच्या साधारण सत्तर टक्के ठेवतो, म्हणजे खाली अंगठा ठेवून पान पुढे न्यायला जागा उरते. आवरणाला टॅबइंडेक्स शून्य, रीजनची भूमिका आणि ‘आजचे भाव’ असं लेबल द्या, मग कीबोर्डवरूनही ते सरकवता येतं. उजव्या कडेला अर्धा स्तंभ कापलेला दिसला तर चांगलंच. पुढे आणखी आहे हे त्यावरूनच कळतं.

फॉर्म आणि कीबोर्ड. २०२२ च्या अखेरीस आलेल्या क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवरही आयफोनसारखंच झालं: कीबोर्ड उघडला तरी पानाची मांडणी आक्रसत नाही, फक्त दिसणारा भाग कमी होतो. म्हणून तळाला खिळवलेलं ‘जतन करा’ कीबोर्डच्या मागे जातं. उंचीचं एकक व्हीएच ऐवजी डीव्हीएच वापरून हे सुटत नाही, कारण डीव्हीएच पत्त्याच्या पट्टीची ये-जा धरतं, कीबोर्डची नाही. व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये इंटरॅक्टिव्ह-विजेटला रिसायझेस-कंटेंट असं सांगता येतं, पण आयफोनसाठी त्यावर भिस्त ठेवता येत नाही. माझा आग्रह साधा आहे. फोनवर पॉपअप पूर्ण पडद्याचा करा, आतला भाग सरकू द्या, आणि बटण शेवटच्या रकान्याच्या लगेच खाली मजकुराच्या ओघातच ठेवा. टॅबलेटवर तोच पॉपअप मध्यभागी, कमाल ५६० पिक्सेल रुंद. रकान्यांची अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान नकोत, नाहीतर आयफोनवर रकान्यात बोट टेकताच पान झूम होतं आणि बऱ्याच जणांना ‘पान हलतं’ असं वाटण्याचं ते एक कारण असतं.

भावाच्या रकान्याला नंबर टाइप देऊ नका. टेक्स्ट टाइप आणि इनपुटमोड डेसिमल द्या. आकड्यांचा कीबोर्ड उघडतो, आणि मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरी आकडे टाकले तर तुमच्या कोडमध्ये ते बदलून घेता येतात. मार्केटमध्ये हा प्रसंग नक्की येणार.

बोटांसाठी जागा हा स्वतंत्र विषय आहे, इथे एवढंच: २०२३ मधल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शिकेने एए पातळीला किमान २४ गुणिले २४ पिक्सेल सांगितले आहेत, अ‍ॅपल ४४ सांगतं, गूगलचं मटेरियल डिझाइन ४८. गोण्यांच्या मधून चालत, एका हातात पावतीपुस्तक धरून फोन वापरणाऱ्या माणसासाठी ४८ च धरा. माउस नेल्यावर उघडणारे मेनू क्लिकवर न्या आणि होव्हरचे रंग होव्हर असलेल्या उपकरणापुरतेच ठेवा. टॅबलेटला कुणी कीबोर्ड-माउस जोडला तरी हे चालतं, कारण आपण उपकरणाचं नाव विचारतच नाही.

मराठी मजकुराकडे टीम सर्वांत कमी लक्ष देतात, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण वापरणारा तोच वाचतो. घटकांची मांडणी रोमन मजकूर घालून तपासली जाते आणि मराठी भाषांतर शेवटच्या आठवड्यात येतं. मग १.२ च्या लाइन-हाइटमध्ये (ओळीच्या उंचीत) वेलांटीचा वरचा भाग आणि उकाराचा खालचा भाग कापला जातो, विशेषतः ओव्हरफ्लो हिडन असलेल्या कार्डांच्या शीर्षकांत. देवनागरीला मजकुरात १.६ आणि शीर्षकात किमान १.४ द्या. लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, कारण ते वाढवलं की शिरोरेखा तुटते. बटणांना ठराविक उंची-रुंदी न देता पॅडिंग आणि मिन-हाइट द्या. ‘सेव्ह’च्या जागी ‘नोंद जतन करा’ आलं की बटणाला दोन ओळींचं होता आलं पाहिजे. मुंबईतल्या एक टाइप या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा मुक्त फॉन्ट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. पानाला भाषा म्हणून मराठी जाहीर करा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात.

तपासणी ब्राउझरच्या मोबाईल मोडवर संपवू नका. त्यात खरा कीबोर्ड नसतो, खरी पत्त्याची पट्टी नसते. यूएसबीने फोन जोडून क्रोममधून त्याचं पान तपासा, आणि फोन स्वतःचा नवा नको, ऑफिसमधला सगळ्यात जुना घ्या. लॅपटॉपवर खिडकी १२८० पिक्सेलची ठेवून ४०० टक्के झूम करा. तेव्हा पानाला ३२० पिक्सेल मिळतात, डब्ल्यूसीएजीच्या रिफ्लो (अरुंद जागेत मजकूर पुन्हा नीट बसण्याच्या) निकषाचं माप हेच. त्या मापावर तक्त्याचं आवरण सोडून काहीही आडवं सरकता कामा नये. तक्त्याला निकषातच सूट आहे.

कामाचा क्रम असा ठेवा: मुख्य भागाला मिन-विड्थ शून्य आणि तक्त्याचं आवरण हे आजच, कारण गिऱ्हाइकाची तक्रार तिथूनच आली आहे. मग फॉर्म. मग कार्डांचं ग्रिड, आणि ते झालं की जुन्या मीडिया क्वेरी एकेक करून बंद करून पाहा. जी बंद केल्यावर काहीच बिघडत नाही ती पुसून टाका. तुमच्यासारख्या चार घटकांच्या पानात सांगाड्याची एक, छपाईची एक आणि होव्हरची एक, यापलीकडे फारशा उरणार नाहीत. त्याहून जास्त उरल्या तर कुठल्या घटकात अडतंय ते त्याच्या पेटीच्या रुंदीसकट लिहून पाठवा, पडद्याच्या नव्हे.